टेंभरेजींची बातमी

टेंभरेजी आमच्या पेपरच्या कचेरीत बातमी घेऊन यायचे, पण त्याआधी ती खालच्या पानठेल्यावर वाचून दाखवायचे. गिऱ्हाइकांना नाही, खुद्द ठेलेवाल्याला. तो पानाला चुना लावत ऐकायचा. जिथं त्याला जांभई यायची, तिथं टेंभरेजी खिशातून लाल पेन काढून ओळ खोडायचे. जिना चढेपर्यंत दोन पानांची बातमी अर्ध्या पानावर आलेली असायची.

गोंदियातल्या एका धर्मादाय डोळ्यांच्या दवाखान्याचे ते जनसंपर्क अधिकारी. राहायला सालेकशाला, रोज गाडीनं येणं-जाणं. मी शहराचं पान बघतो. मोठमोठ्या संस्थांची पत्रकं आमच्याकडं ढिगानं येतात आणि ढिगानंच रद्दीत जातात. या माणसाचं मात्र महिन्यातून दोनदा तरी छापून यायचंच. तेही जाहिरात न देता, साधा चहासुद्धा न पाजता. हे कसं, याचं मला भारी कुतूहल.

एकदा विचारलंच. म्हणाले, "चारनंतर कोणी आलं तं तुमी वसकन अंगावर येता जी. म्हून मी अकरालेच येतो."

म्हणजे आमचाच अभ्यास चालला होता! कोणत्या पेपरचं पान छपाईसाठी कधी लागतं, कोणाला फोटो उभा लागतो आणि कोणाला आडवा, सगळं त्यांना पाठ.

"अन् दीपप्रज्वलन कायले आणू? यात बातमी कुठं हाय?" हा त्यांचा ठरलेला सवाल.

शिबिराचं उद्घाटन झालं तरी ते दवाखान्याच्या अध्यक्षांचा फोटो आणायचे नाहीत. एकदा दरेकसा गावच्या एका म्हातारीचा आणला. डोळ्याची पट्टी सुटल्यावर तिनं पहिल्यांदा सुनेकडं पाहिलं आणि म्हणाली, "अव माय, तू तं किती वाळली!" सून तिथंच रडायला लागली. ती बातमी पहिल्या पानावर गेली.

अध्यक्ष भडकले. "मेरा फोटो किधर है?"

"साहेब, बुढी छपी तो तीन गाँव के लोग कैंप में आए," टेंभरेजी शांतपणे म्हणाले. "आप छपते तो आपके घरवाले आते."

नोकरी कशीबशी वाचली.

गेल्या उन्हाळ्यात मात्र ते पानठेल्यावर न थांबता थेट वर आले. हातातल्या कागदावर दवाखान्याचं नाव नव्हतं. होतं ते बायकोचं. ती अंगणवाडी सेविका, नुकतीच निवृत्त झालेली. निरोपाचा कार्यक्रम ठरला होता; ऐन वेळी तिच्या खात्यातल्या साहेबांचा दौरा लागला आणि तो राहूनच गेला.

"छापण्यासारखं काही नाही, मले समजते," ते खाली बघत म्हणाले. "पण सारी जिंदगी तिनं लोकाईचे लेकरं सांभाळले जी. तुमी एकडाव या. अन् मी बोलावलं म्हून सांगू नका. तिले वाटलं पाहिजे, पेपरवाले सोताहून आले."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं मी सालेकशाला उतरलो. खोटं बोलावं लागू नये, म्हणून स्टेशनबाहेरच्या टपरीवर आधी बाईंची चौकशी केली. टपरीवाला आणि ऑटोवाला, दोघंही त्यांच्याच अंगणवाडीत वाढलेले. "माहा शेंबूड पुसला जी त्या बाईनं," ऑटोवाला म्हणाला. अर्धा तास त्यांनी मला हलू दिलं नाही, आणि घरापर्यंतचं भाडंही घेतलं नाही.

बाई अंगणात तांदूळ निवडत होत्या. टेंभरेजी बाजूला खाटेवर बसलेले. मला पाहून त्यांनी अशी मान फिरवली, की जणू ओळखच नाही.

"माह्याबद्दल तुमाले कोणं सांगतलं जी?" बाईंनी विचारलं.

"स्टेशनवर उतरलो, तर तिथंच दोघं तुमच्याबद्दल बोलायला लागले."

बाईंचा हात सुपातच थांबला. त्या नवऱ्याकडं वळल्या. "आयकलं काय? लोकं सांगून राहिले म्हणते." मग पदर सारखा करत म्हणाल्या, "बसले काय असे? पाहुण्याले चहा मांडा ना."

टेंभरेजी घाईघाईनं उठून आत गेले. बाई मला एकेका पोराची गोष्ट सांगत राहिल्या, माझी वही भरत आली; दाराआड टेंभरेजींचे पाय दिसत होते, पण आतून चहा काही येईना.