ढुप्या उलटा निघाला

माझ्या लेकाला, हेमकांतला, एक वाईट खोड आहे. घरात जुनं काही दिसलं की त्याला ते विकावंसं वाटतं. पितळी घंगाळ गेलं, सासऱ्यांचा सागवानी पलंग गेला, जात्याची वरची तळी गेली. खालची तळी कोणी घेईना म्हणून तिच्यावर आता कोंबड्या बसतात. मी अजून घरात आहे ती फक्त माझं गिऱ्हाईक आलं नाही म्हणून! आणि यंदा होळी झाल्या झाल्या त्याची नजर गेली थेट ढुप्यावर.

ढुप्या म्हणजे आमचा ट्रॅक्टर. असा ट्रॅक्टर तुम्ही पाहिलेला नाही. पाहिला असेल तर आमच्याच खळ्यात पाहिला असेल! सत्तर वर्षांपूर्वी सासऱ्यांनी जर्मनीहून मागवला. मुंबईच्या गोदीत उतरला, मालगाडीने नंदुरबारला आला आणि तिथून तापीची वाळू तुडवत स्वतःच्या पायांनी आमच्या गावात आला. प्रकाशा गावच्या बायांनी वाटेत त्याला कुंकू लावलं, असं सासूबाई सांगायच्या. आताच्या ट्रॅक्टरला तीन-तीन, चार-चार सिलेंडर. ढुप्याला एकच, पण रांजणाएवढं! चालू झाला की ढुप… ढुप… ढुप… नदीपलीकडे ऐकू जायचं. उभ्या जागी असा नाचायचा की माझे मांडणीवरचे डबे चालत चालत कडेला यायचे. पेट्रोलपाण्याचे नखरे नाहीत. रॉकेल द्या, डिझेल द्या, काळं जळकं तेल द्या, सगळं गोड मानून घ्यायचा. असा जावईही मिळत नाही हो! बहात्तरच्या दुष्काळात याच्यावर पट्टा चढवून आमच्या ह्यांनी अख्ख्या गावाचं दळण दळून दिलं. ह्यांनीच मला तो चालवायला शिकवलं. मी तिसरी नापास, पण पंचक्रोशीत ट्रॅक्टर चालवणारी पहिली बाई मीच, ही तापीबाई. ज्याला खोटं वाटतं त्याने समोर येऊन सांगावं!

आणि हेमकांत म्हणतो, “माय, ते भंगार शे. सुरतना एक शेठ मागी ऱ्हायना. हॉटेलना फाटकवर ठेवाव, मधलं इंजिन काढीसन त्यामा फुलझाडं लावाव.”

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड!

“तुन्हा पोटमातलं काढीसन त्यामा झेंडू लावू का?” मी विचारलं.

“बारा वरीस झाले, चालू तरी व्हयना का तो? तू फाटकलगून चलाईसन दखाड. चालना ते ऱ्हाई. नही चालना ते शेठ लई जाई.”

“बोलाव तुन्हा शेठले!” मी म्हणाले. “चहा प्यायच्या आत फाटकाला नेऊन उभा करते.”

आता बोलून तर बसले. आमचं फाटक खळ्यापासून दीडशे पावलं. ढुप्याला चार किलो ग्रीस चोपडलं, टाकी धुतली, सून मोहिनीकडून हार करवून घेतला. मोहिनी पोर चांगली आहे, पण तोंड चालतं. “आत्या, हार आधी घालू का नंतर?” असं विचारत होती. नंतर म्हणजे कशानंतर, ते मी विचारलं नाही; आधीच घालायला लावला.

रविवारी सकाळी शेठ आला. पांढरे कपडे, पांढरी गाडी, पांढरे बूट. खळ्यात येताना बगळ्यासारखा पाय उचलून टाकत होता. त्याला खुर्ची दिली, हातात बशी दिली. शेजारची दगूबाई कुंपणापाशी येऊन उभी राहिली. तिला घरात काम नसतं असं नाही, पण आमच्या खळ्यात काही चाललं की ते आधी!

ढुप्याला उठवायची एक रीत आहे. ती ऐका, म्हणजे पुढे काय झालं ते कळेल. याला चावी नाही, बॅटरी नाही. आधी त्याचं नाक, म्हणजे पुढचा लोखंडी गोळा, तापवायचं. स्टोसारखा भर्र करणारा दिवा नाकाखाली ठेवायचा, ते लालबुंद होईस्तोवर. मग स्टेअरिंग दांडीसकट उपसून काढायचं, बाजूच्या मोठ्या लोखंडी चाकात खुपसायचं आणि त्यानेच ते चाक झुलवायचं. इंजिनाने ढुप म्हटलं की स्टेअरिंग झटकन काढून परत जागेवर बसवायचं. मग गिअर. ही रीत ह्यांनी मला शंभर वेळा सांगितली होती.

नाक लाल झालं. मी पदर खोचून वर चढून बसले. हेमकांतने स्टेअरिंग उपसलं, चाकात घातलं आणि तोंड वाकडं करून झुलवायला लागला.

“जोर लाव! चार भाकरी काय उगाच खाल्ल्या?”

“लाई ऱ्हायनू ना माय!”

आणि ढुप्! काळ्या धुराचं एक वेटोळं वर गेलं. ढुप… ढुप… ढुप! बारा वर्षांनी, हो! माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. चाकाने असा हिसका दिला की हेमकांत स्टेअरिंगला मिठी मारून मागे शेणात बसला. शेठच्या बशीतला चहा उड्या मारायला लागला. दगूबाईने दोन्ही हात जोडले. मला इतका गर्व चढला, इतका चढला, की मी शेठकडे बघत, मान ताठ करून, टाकला गिअर आणि सोडला क्लच!

फाटक समोर होतं. ढुप्या मागे निघाला.

मला वाटलं, गिअर चुकला. वळवायला हात पुढे केला, तर पुढे काहीच नाही! नुसतं भोक! स्टेअरिंग हेमकांतच्या मांडीवर!

“माय, स्टेअरिंग!” तो शेणातून उठून पळत सुटला. “स्टेअरिंग ले!”

“फेक!”

“फेकू कसं? दहा किलोनं शे!”

मी दोन्ही पाय क्लचवर रोवले. तो बारा वर्षांत असा गंजला होता की एकदा सुटला तो परत बसेना. मागून शेठ खुर्ची उचलून पळत होता. खुर्ची कशाला उचलली ते त्यालाच माहीत! “ऊभुं राखो, मासी! ऊभुं राखो!” अरे बाबा, उभं करता आलं असतं तर मी काय हौस म्हणून उलटी वरात काढली असती?

दगूबाईने बाजूला उडी मारली आणि कुंपण मोडलं. पलीकडे दगूबाईच्या पावसाळ्यासाठी रचून ठेवलेल्या गोवऱ्या.

“तापीबाई, मन्ह्या गोवऱ्या! मन्ह्या गोवऱ्या!”

गेल्या! सहा महिन्यांच्या गोवऱ्यांचं पीठ झालं. पिठाच्या गिरणीतून निघालेल्या भुतासारखी मी पिवळ्या धुळीत, वर ढुप्याच्या गळ्यातला हार माझ्या डोक्यात. शेवटी कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांच्या ढिगात ढुप्या कमरेपर्यंत घुसला आणि दांडी हलवून हलवून एकदाचा गिअर निघाला. उभा राहिला, पण बंद नाही पडला! ढुप… ढुप… जणू काही झालंच नाही.

तेव्हा मला ह्यांचं उरलेलं सांगणं आठवलं. हे इंजिन कधी कधी लाथ झाडून उलटंही फिरायला लागतं. म्हणून आधी खाली उतरून चाक कोणीकडे फिरतं ते बघायचं. आणि उलटं असेल तर? तर मागचा गिअर टाकायचा, की गडी पुढे जातो!

“आण ते स्टेअरिंग,” मी म्हणाले.

हेमकांतने धापा टाकत बसवलं. मी मागचा गिअर टाकला. ढुप्या पऱ्हाट्या झटकत बाहेर आला, मोडक्या कुंपणातून वळला आणि दीडशे पावलं, लग्नातल्या नवरदेवासारखा, सरळ फाटकात जाऊन उभा राहिला. अंगावर एक ओरखडा नाही! मोहिनी टाळ्या वाजवत होती. शेठने खुर्ची खाली ठेवली, जवळ आला, पांढरे बूट काढले आणि ढुप्याच्या चाकाला हात लावून तो कपाळाला लावला.

“आ तो जीवतुं छे, मासी,” तो म्हणाला. “जिवंत आहे हा. एमां फूल केम लगाऊं? कशी लावू फुलं?” आणि खरंच रिकाम्या हाताने सुरतेला गेला.

मी खाली उतरले. डोक्यातला हार काढून परत ढुप्याच्या गळ्यात घातला. तेवढ्यात दगूबाई कमरेवर हात ठेवून आली. हेमकांत पुढे झाला, मोठा न्यायाधीश.

“माय, ढुप्या ऱ्हायना, कबूल. पण दगूमावशीन्या गोवऱ्यांस्नं काय? ट्रॅक्टर तू चलाडं.”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. खरं सांगते, तुम्हाला म्हणून सांगते, चूक माझीच होती. पण कबूल करायला मी काय शाळा शिकलेली आहे?

“हेमकांत,” मी म्हणाले, “गोवऱ्या मोडन्यात तवय स्टेअरिंग कोना हातमा व्हतं?”

“मन्हा… पण माय…”

“मंग ट्रॅक्टर कोनी चलाडं? जाय, बाह्या वर कर, शेण काल्हव. आन् गोल थाप, दगूले वाकड्या गोवऱ्या चालतस नही!”