बंडूजींनी केळझर ब्लॉक केलं

“आता माह्या फोनवर माह्या परवानगीशिवाय चिमनीसुद्धा चिवचिव करनार नाई!”

नालवाडीतल्या आपल्या घराच्या ओसरीत बसून बंडूजींनी हे जाहीर केलं, तेव्हा ऐकायला फक्त त्यांच्या पत्नी अनुसयाबाई होत्या आणि त्याही तुरीच्या शेंगा सोलत होत्या. पण बंडूजींचा आवाज असा होता, की जणू समोर पोळ्याची गर्दी जमली आहे!

कारणही तसंच होतं. किराणा दुकान मुलाकडे, प्रफुलकडे सोपवून बंडूजी घरी बसले आणि आख्ख्या देशाला त्यांची आठवण यायला लागली. सकाळी कर्ज घ्या, दुपारी विमा घ्या, डोळा लागला की क्रेडिट कार्ड घ्या! त्यात कुणीतरी केळझर रोडला प्लॉट पाडले होते. त्या लोकांचं रोज एकच टुमणं, “सर, केळझर साईटवरून बोलतोय. गाडी पाठवतो, एकदा पाहून तर घ्या!”

शेवटी मुलीनं, रक्षानं, त्यांना नंबर ब्लॉक करायला शिकवलं. मग काय! लहान पोराच्या हाती गलोल यावी तसं झालं. अनोळखी नंबर दिसला की टिपला! कधी ओरडून ब्लॉक, कधी न उचलताच ब्लॉक. संध्याकाळी चहा पिताना शिकाऱ्यासारखे किस्से सांगायचे, “आज त्या विम्यावालीले तर ‘हॅलो’सुद्धा म्हनू नाई देल्लं!”

अशातच एका सकाळी फोन वाजला. नवा नंबर!

“नमस्कार जी. केळझरहून बोलून राह्यलो,” एक भारदस्त आवाज म्हणाला. “येत्या रविवारी पाहाचं ठरवू म्हनतो. आम्ही गाडी करून—”

बंडूजींचं डोकं तडकलं.

“नाई पाहाचं! कितीदा सांगू? गाडी दारात आली तर चारी चाकाची हवा सोडून देईन!”

“अहो, पन पोरी—”

टक! केळझर ब्लॉक.

“काऊन ओरडून राह्यले वो?” अनुसयाबाईंनी आतून विचारलं.

“प्लॉटवाला. आता जल्मात फोन करनार नाई!” बंडूजी मिशीवरून हात फिरवत म्हणाले. आणि खरंच, त्यानं पुन्हा फोन केला नाही.

इकडे घरात सगळे वेगळ्याच फोनची वाट पाहत होते. सेलूला राहणारे अनुसयाबाईंचे चुलतभाऊ किसनराव यांनी रक्षासाठी एक स्थळ आणलं होतं. केळझरच्या रूपरावांचा मुलगा, आदेश. आजवर आलेल्या प्रत्येक स्थळाला नाक मुरडणारी रक्षा या नावावर मात्र “तुम्ही पाहा बा” म्हणाली आणि लाजून आत पळाली. एका लग्नात आदेश पंगतीत वाढत होता. हिच्या पानात बुंदीऐवजी मीठ वाढून वर स्वतःच हसत सुटला, एवढीच काय ती ओळख! “रूपराव स्वतः फोन करतीन,” असं किसनरावांनी सांगून ठेवलं होतं.

फोन काही येईना. पहिले दोन दिवस बंडूजी म्हणाले, “कापूस येचनीचे दिवस होय, फुरसत नसन.” मग म्हणाले, “पोराकडचे आहेत, ऐट तर दाखवतीनच!” आणि नंतर तर सरळच, “असे मगरूर सोयरे नकोतच आपल्याले!” किसनरावांना विचारावं, तर त्यांचा नंबर बंद लागायचा. रक्षा ऑफिसमधून आली, की चप्पल काढता काढता टेबलावरच्या फोनकडे तिची नजर जायची. ती नजर बंडूजींनी पाहिली आणि त्या रात्री त्यांना भाकर गोड लागली नाही.

दुसऱ्या दिवशी ते दाढी करत होते. अर्ध्या गालावर फेस. तेवढ्यात समोरच्या घरातून विमलाबाईंची हाक आली.

“बंडूजीऽऽ! तुमचा फोन आला वो!”

बंडूजींच्या हातातला वस्तरा थबकला. अशी हाक या गल्लीत किती वर्षांनी ऐकू आली! आणि पूर्वी ती मारणारे तर ते स्वतः असत. आख्ख्या गल्लीत एकच फोन होता, त्यांच्या दुकानातला. लग्नपत्रिकांवर लोक त्यांचा नंबर ‘पी.पी.’, म्हणजे शेजाऱ्यांचा फोन, असं लिहून छापत. घंटी वाजली, की बंडूजी तराजूत साखर तशीच सोडून धावत सुटायचे, “डोमाजी, नागपूरचा फोऽऽन!” आणि इकडं गिऱ्हाईक पारड्यात स्वतःच दोन मुठी टाकून घ्यायचं! कोण बोलतंय, हे विचारायचं ते फक्त पाऊसपाणी कसं आहे हे विचारण्यासाठी. विमलाबाईंना नातू झाल्याचा फोन आला, तेव्हा त्या यायच्या आधीच बंडूजींनी दुकानातल्या बरणीतले पेढे अर्ध्या गल्लीला वाटून टाकले होते. आजीला पेढा मिळाला तो शेवटचा, तोही अर्धा! किती लोकांचं हसू आणि रडू त्या काउंटरपाशी उभं राहून गेलं. परका आवाज म्हणून कधी कुणाचा फोन ठेवला नव्हता त्यांनी.

तसेच फेसासकट ते रस्ता ओलांडून गेले. विमलाबाईंच्या मोबाइलवर किसनराव होते, आणि तापलेले होते.

“भाटोजी, नवीन सिमवरून फोन केला तर तुम्ही उचलला नाई, अन् तवापासून लागूनच नाई राह्यला तुमाले! अन् रूपरावांना काय बोल्ले तुम्ही? मानूस सोयरीक घेऊन येते अन् तुम्ही चाकाची हवा सोडता?”

बंडूजींच्या गालावरचा फेस जागच्या जागी वाळला.

“तो… तो प्लॉटवाला नव्हता?”

तिकडे फोन दुसऱ्याच्या हातात गेला. तोच भारदस्त आवाज!

“रूपराव बोलतो जी. येऊ का रविवारी? पंप संगं घेऊन येतो!”

आणि दोघेही असे हसले, की विमलाबाईंच्या अंगणातली कुत्री भुंकायला लागली.

घरी येऊन बंडूजींनी ब्लॉक केलेले सगळे नंबर मोकळे करवले. त्यातला सोयरा कोणता आणि सावकार कोणता, हे कसं कळावं?

रविवारी पाहुणे आले. पाटवडीचा रस्सा झाला, रक्षा-आदेश अंगणात बोलत उभे राहिले, आणि बैठकीत फोन वाजला. अनोळखी नंबर! बंडूजींनी झडप घालून उचलला.

“सर, मी कर्जासंदर्भात—”

“बोल बाई बोल! कोन्या गावची तू? जेवली का? तिकडं पानी-पाऊस कसा हाय? माय-बाप बरे हायेत ना?”

सगळं घर थांबून ऐकत होतं. रूपराव किसनरावांकडे वळून म्हणाले, “न पाह्यल्या पोरीले जेवली का विचारते हा मानूस. आपल्याकडून पक्कं समजा!”

अनुसयाबाईंनी डोळ्यांना पदर लावला. आणि बंडूजींना तर आनंद कुठं ठेवावा हेच कळेना! आता ही गोड बातमी पहिल्यांदा सांगायची कुणाला? तेवढ्यात पलीकडून फोन ठेवल्याचं त्यांच्या लक्षात आलं.

“अरे, कटला वाटते! बिचारीले सोयरीक जुळल्याचं तर सांगू दे,” म्हणून त्यांनी तोच नंबर परत लावला. एकदा लावला. दोनदा लावला. तिसऱ्यांदा फोन रक्षाच्या हाती देऊन म्हणाले, “पाहा बरं, काऊन लागून नाई राह्यला?”

रक्षानं कानाला लावून पाहिला आणि ओठ दाबत म्हणाली,

“बाबा, तिनं ब्लॉक केलं तुमाले.”