खुटवडवाडीचा धक्का आणि सरकारी गाडीचा नवा डिफरन्शियल

॥ श्री ॥ ज्या आदिशक्तीनें सूर्यास फिरावयास आणि पृथ्वीस धीर धरावयास शिकविलें, तिचें स्मरण करोन हें लिहितों. राज्य बळानें चालतें, बळ पाठीमागून येतें, आणि पाठीमागचें बळ ज्यास दिसत नाहीं त्यास राजा म्हणतात. हें थोर वाक्य शके १९०२ रौद्रनाम संवत्सरीं श्रावणमासीं खास सरकारांच्या मुखांतून निघालें, आणि निघालें तेव्हां सरकारांची गाडी घाटांत चिखलीं रुतली होती व खुटवडवाडीचे गडी ती मागून ढकलीत होते.

ऐसियास, गाडी थोरल्या सरकारांच्या वेळची, काळी, लांब, दारें मिटतांना तोफेसारखी वाजणारी. एंजिन पुढें, परंतु ओढावयाचें काम मागील दोन चाकांकडे. ती सरकार स्वतां हांकीत. दरसालीं श्रावणांत स्वारी डोंगरावरील देवीस निघे आणि दरसालीं खुटवडवाडीच्या वळणावर रुते, आणि मग वाडीकर येऊन धक्का देत, आणि हें इतकीं वर्षें चाललें कीं त्याचा मान जाहला. खुटवडांनीं ढकलावें, नारळ घ्यावा, आणि गाडी मागें घसरूं नये म्हणोन चाकामागें दगड लावावयाचा मान मथाबाई खुटवडीण इचा. नवरा वारल्यावर मान तिजकडे आला, दगडही तोच आला. आणि गाडी रुतली असतां सरकारांस कोठें जातां येत नसे, दिवाणजी चिखलास भिऊन उतरत नसत, म्हणोन सबंध सालांत रयतेचें बोलणें हुजूरच्या कानीं मधल्या कोणाखेरीज पोंचावें ऐसी जागा ती एकच. मथाबाई दगडाशीं बसून सांगे आणि सरकार खिडकींतून ऐकत. कोणाची म्हैस व्याली, कोणाचें लग्न मोडलें, सरकार मागच्या सालापेक्षां सुटले आहेत, हेंही सांगे.

त्या सालीं तिनें ओढ्याचें सांगितलें. म्हणाली कीं ओढा भरला म्हणजे वाडी पलीकडे राहते, आणि गेल्या आषाढांत तिच्या सुनेस कळा लागल्या तेव्हां खाट चौघांनीं खांद्यावर धरोन पाण्याचा जोर उतरण्याची वाट पाहिली. सून वांचली. मूल वांचलें नाहीं. हें तिनें म्हैस व्याली याच सुरांत सांगितलें आणि दगड नीट बसविला. सरकार खालीं उतरले, बूट चिखलांत गेले, आणि देवीच्या डोंगराकडे हात करोन म्हणाले, "ओढ्यावर साकव झाल्याशिवाय पुढच्या सालापासून तुमच्या हातचा धक्का आम्ही घेणार नाहीं." खुटवड गहिंवरले आणि त्या सालचा तेवढा धक्का देऊन मोकळे जाहले.

आतां दिवाण त्रिंबकपंत हे मसलतीचे गाढे. त्यांनीं साकवाचा विचार केला तों ओढ्याचा एक कांठ जंगलखात्याकडे, दुसरा पाटबंधाऱ्याकडे, आणि मधलें पाणी कोणाकडेच नाहीं ऐसें निघालें; यास्तव साकव होणें कठीण. मग त्यांनीं शपथेचा विचार केला. शपथ चहूंकडून पाहिली, तों तींत साकव बांधूं ऐसें कोठेंच नव्हतें. धक्का घेणार नाहीं इतकेंच होतें. तेव्हां पंतांच्या मनीं आलें कीं धक्काच लागूं नये ऐसी तजवीज केली म्हणजे शपथही राहिली आणि ओढाही राहिला. आणि मग नबीसाब मिस्त्रीस बोलावणें गेलें.

नबीसाब हा मोठ्या तोंडाचा माणूस. गाडी दुरुस्त होण्यापूर्वीं ती किती बिघडली होती हें तो सर्वांस पटवी. त्यानें गाडी उचलोन धरिली, खालीं निजला, आणि मागील आसाच्या मध्यें लोखंडाचा भला मोठा गोळा असतो त्यास पान्यानें ठोकून म्हणाला कीं रोग हाच, यास डिफरन्शियल म्हणतात. सरकार स्वतां वांकून पाहूं लागले आणि पुसिलें कीं हा करतो काय? मिस्त्रीनें सांगितलें कीं वळण घेतांना बाहेरील चाकास लांब जावें लागतें, आंतील चाकास थोडें. दोघांस एका चालीनें हांकिलें तर दोघें घासतात, म्हणोन हा गोळा ज्याला त्याला आपापल्या चालीनें जाऊं देतो. सरकार म्हणाले कीं ही तर मोठी शहाणपणाची वस्तु, दरबारीं पाहिजे. मग दोष कोणता?

"दोष एवढाच, सरकार," नबीसाब खालूनच बोलिला, "की जे चाक घसरतं, त्यालाच सगळी ताकद मिळते. जे कोरड्यावर घट्ट उभं असतं, त्याला काही मिळत नाही. ते आपलं उभंच."

हें ऐकून सरकारांनीं दिवाणजींकडे पाहिलें. दिवाणजींनीं आभाळाकडे पाहिलें आणि पाऊस येईल ऐसें म्हणाले.

मग जुना आस खालीं उतरला, काळें तेल गळालें, त्यांत लोखंडाचा चुरा चमकत होता. आणि नवा डिफरन्शियल समुद्रावरून आला, ज्याच्या पोटीं अशा चकत्या कीं एक चाक घसरूं लागतांच त्या आवळाव्या आणि बळ दुसऱ्या चाकास द्यावें. नबीसाब गुडघ्यावर पंधरवडा राहिला आणि काम चोख जाहलें. फक्त अंगणांत गाडी वळवूं जातां मागून कुरकुर येऊं लागली. मिस्त्री म्हणाला कीं दोन्ही चाकांत एकी जाहली आहे, एकी असली म्हणजे वळतांना थोडें कुरकुरणारच, तेल बदलतों. सरकार त्यावर बराच वेळ विचार करीत बसले. सुधारणा म्हणजे जुना दोष देऊन नवा घेणें, इतकेंच कीं नवा दोष आपण निवडलेला असतो, ऐसें कांहींसें ते बोलिले. परंतु त्या वेळीं जेवणाची वर्दी आली, सबब पुढील विचार राहिला.

शके १९०३, संवत्सराचें नांव दुर्मति. नांवावर जाऊं नये, परंतु लिहिणें भाग आहे. श्रावणांत स्वारी निघाली. वळणावर खुटवड बाह्या सारून उभे होते, कारण साकव जाहला नव्हता तरी धक्का आपला आहे, सरकार नको म्हणाले तरी गाडी थोडीच नको म्हणणार, ऐसा त्यांचा हिशेब. मथाबाई दगड कमरेवर घेऊन होती. गाडी चिखलांत शिरली, एक चाक घसरूं लागलें, चकत्या आवळल्या, दुसऱ्या चाकानें जमीन धरिली, आणि गाडी एक हुंकार देऊन वर निघोन गेली. शेजारीं बसलेल्या नबीसाबनें स्वतःच्या मांडीवर थाप मारिली. दिवाणजी म्हणाले, शपथ अक्षरशः पार पडली. सरकारांनीं आरशांत पाहिलें. खुटवडांच्या अंगावर चिखल उडाला होता आणि हात तसेच पुढें धरलेले होते. आणि मथाबाई चार पावलें पुढें आली, आणि दरसालीं चाक जेथें थांबे त्या रिकाम्या जागीं तिनें दगड लाविला, हातानें दाबून नीट बसला ऐसें पाहिलें, आणि मग उभी राहिली.

वर देवळांत पूजा जाहली, परंतु सरकारांचें लक्ष नव्हतें. पुजाऱ्यानें तीर्थ दिलें तें हातांतच राहिलें. मग दिवाणजींस पुसिलें, "पंत, शपथ पुरी झाली म्हणता?"

पंत म्हणाले, "शब्दास शब्द, सरकार. एक अक्षर कमी नाहीं."

सरकार म्हणाले, "मग पुढच्या खेपेस आमची गाडी रुतली, तर त्या अक्षरांनाच ढकलायला बोलवा."

आणि उतरतांना पायीं उतरले, ओढ्याच्या कांठीं जाऊन बसले, आणि दोन्ही खात्यांचे लोक पाणी कोणाचें हें ठरवीपर्यंत आम्ही येथेंच आहों ऐसें सांगून पाठविलें. पाऊस होता. ओल्या सरकारास सर्दी जाहली तर ती कोणत्या खात्याकडे, हा प्रश्न निघतांच पाणी लौकर वाटलें गेलें. दिवाळीच्या सुमारास काम लागलें आणि शिमग्यापूर्वीं साकव जाहला. लहानसाच, परंतु खाट नेतां येते. त्याच्या तोंडाशीं आधारास म्हणोन जुना आस उभा पुरला. त्याच्या लोखंडी गोळ्यास वाडीतील बायांनीं शेंदूर लाविला, आणि आतां परगांवचे लोक कोणता देव हें न पुसतां हात जोडतात. आषाढांत मथाबाईची सून त्यावरून गेली आणि मुलगी घेऊन परत आली.

मग शके १९०४, दुंदुभिनाम संवत्सरीं, श्रावणांत स्वारी पुन्हां निघाली. खुटवड या खेपेस बाह्या न सारतां, नुसते पाहावयास उभे होते. वळण आलें, गाडी निर्धास्त चढूं लागली, आणि ऐन मध्यावर सरकारांनीं आपल्या हातानें एंजिन बंद केलें आणि जाहीर केलें कीं गाडी बिघडली. नबीसाब कांहीं बोलणार तों सरकारांचा पाय त्याच्या पायावर पडला, तेव्हां तोही म्हणाला कीं बिघाड भारी दिसतो. सरकार खिडकींतून डोकें काढोन म्हणाले कीं साकव जाहला, आतां धक्का घ्यावयास आम्ही मोकळे आहों. खुटवडांस हें सांगावें लागलें नाहीं. बाह्या वर गेल्या, दगड चाकामागें आला, मथाबाईच्या हातांतली तान्ही नात सुनेच्या हातीं गेली, आणि हर हर म्हणोन जोर लागला. गाडी हालली नाहीं. आणखी गडी आले, हालली नाहीं. दिवाणजींस धोतर खोंचून उतरावें लागलें आणि जन्मांत प्रथम त्यांनीं राज्यास मागून हात लाविला, तरी हालली नाहीं. कोणी म्हणे नवा गोळा जाम जाहला, कोणी म्हणे देवीचा कोप, पंत म्हणाले चौकशी नेमावी. सरकार आंत सुकाणू धरोन, डोळे मिटून, बहुत समाधानानें बसले होते.

तात्पर्य, राजानें रयतेवाचून चालावयाची सोय करावी हें शहाणपण, आणि ती सोय असतां थांबावें हें राज्य. धन्य तो राजा, धन्य ती रयत, धन्य तो डिफरन्शियल. ऐसें लिहोन लेखणी ठेवावी, तों मथाबाई चिखलाचे हात लुगड्यास पुसत खिडकीशीं आली, आंत डोकावली, आणि हळूच म्हणाली,

"सरकार, तेवढा हाताचा बिरेक काढा."