मधुवंतीच्या स्कीज आणि गुरुदत्तचा बाक

ऑस्ट्रेलियातल्या क्रेगीबर्नच्या त्या गराजमध्ये महिनाभर गाडी शिरली नव्हती, कारण तिथे गुरुदत्त बाक बनवत होता. बाक बसायचा नव्हता, बायकोच्या स्कीजना मेण लावायचा होता. बर्फावरून सपाटीने पळायच्या त्या लांबलचक, अरुंद पट्ट्या. तळाला इस्त्रीने मेण चढवलं नाही तर पावलोपावली अडतात. गेल्या वर्षी मधुवंतीने ते काम गाडीच्या डिकीत वाकून केलं, अर्धं मेण जॅकेटवर सांडलं आणि क्लबच्या शर्यतीत ती शेवटी आली. इतकी शेवटी, की मार्गावरचे झेंडे उपटत येणारा माणूस मागून "नो वरीज, टेक युअर टाइम" म्हणत होता.

"यंदा काही झालं तरी शेवटी यायचं नाही मला," तिने जाहीर केलं.

"तू फक्त पळ गं. बाकीचं माझ्यावर सोड."

आणि काय बाक बनवला हो त्या माणसाने! जुन्या कॅम्पिंग टेबलाचे घडीचे पाय, वर पाइनची फळी, स्की हलू नये म्हणून मधोमध पकड, दोन्ही टोकांना रबर लावलेले टेकू, इस्त्रीला वेगळा कोनाडा. दुमडला की बॅगेसारखा हातात. मधुवंतीने फळीवरून हात फिरवला. कुठे कुसळ लागेल तर शपथ. तिला नवऱ्याचा मनापासून अभिमान वाटला.

रविवारी सकाळी डोंगरावरच्या पार्किंगमध्ये तो बाक उघडला आणि तिथेच घात झाला. आसपासची मंडळी आपापल्या डिकीत वाकून कंबर धरत होती. क्लबमधला ग्रेग जवळ आला. "यू मेड दिस, मेट? इट्स अ ब्यूटी!"

झालं! गुरुदत्तच्या अंगात यजमान संचारला. "यू फर्स्ट, यू फर्स्ट! वी आर फॅमिली, वी विल डू लास्ट."

घरच्यांनी मागच्या पंगतीला बसायचं, हे मधुवंतीलाही ठाऊक होतं. पण ही पहिली पंगतच उठेना.

"अरे, माझ्या स्कीज?"

"आलोच. पाहुण्यांना मधूनच उठवू का आता?"

ती चरफडली. तेवढ्यात सत्तरीच्या हेलनबाई स्कीज घेऊन आल्या. "आर यू नेक्स्ट, लव्ह?"

"नो नो, प्लीज, यू गो," मधुवंतीच्या तोंडून निघून गेलं, आणि तिने स्वतःच्याच कपाळावर हात मारला.

शेवटी तिची पाळी आली तेव्हा गुरुदत्त डबा चाचपत होता. "निळं संपलं गं."

"संपलं म्हणजे?"

"थंड बर्फाचं तेच ना, सगळ्यांना तेच लागलं. आता हे पिवळं आहे. ओल्या बर्फाचं."

"गुरू, बर्फ दगडासारखा झालाय!"

"काहीच नसण्यापेक्षा बरं!"

शर्यत सुटल्याचा हॉर्न वाजला तरी तो तिच्या स्कीजवरचं जास्तीचं मेण खरवडतच होता. मधुवंती निघाली ती सगळ्यांच्या मागून, डोळ्यांत पाणी घेऊन. झेंडेवाला तिला ओळखून हसला.

पहिल्या चढापर्यंत स्कीज जेमतेम हलत होत्या. मग ढग सरकले आणि लख्ख ऊन पडलं. ऑस्ट्रेलियातला बर्फ तो, त्याला लगेच घाम फुटला. निळ्या मेणावरची मंडळी चिखलात रुतल्यासारखी अडखळू लागली आणि मधुवंती त्यांच्या बाजूने सुळकन निघाली. एक गेला, दुसरा गेला. "सॉरी, हेलन!" म्हणत तिने हेलनबाईंनाही मागे टाकलं. ग्रेगला टाकलं तेव्हा मात्र सॉरी म्हणायचं ती विसरली.

शर्यत संपवून, दम खाऊन ती पार्किंगमध्ये परतते तर बाकाभोवती हा घोळका. "कम ऑन, मेट!" ग्रेग कमरेवर हात ठेवून म्हणत होता. "ब्लू फॉर अस, यलो फॉर द वाइफ? यू न्यू द सन वॉज कमिंग!"

गुरुदत्तचा चेहरा एवढासा झाला. पाहुण्यांपायी ज्याने बायकोला ताटकळत ठेवलं, त्याच्यावर बायकोची बाजू घेतल्याचा आळ! "नो नो, द ब्लू वॉज..."

मधुवंतीने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "ऑफ कोर्स ही न्यू," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "ही ऑलवेज कीप्स द बेस्ट फॉर मी."

"अगं, खोटं कशाला बोलतेस?" गुरुदत्त हळूच पुटपुटला.

"गप रे. लग्नाला इतकी वर्षं झाली, तुझ्यावर हा आरोप आज पहिल्यांदा होतोय. राहू दे ना जरा."