टॉफीचा खड्डा

खड्डा आधी तयार झाला. घोडा अजून जिवंत होता. तळ्याचा गाळ उपसायला खोदाईचं यंत्र आलं, तेव्हा क्लेमने लगे हात टॉफीसाठीही खड्डा मारून घेतला. क्वीन्सलंडच्या त्या रानात तिसऱ्या वर्षीही पाऊस नव्हता. जमीन लोखंड झालेली, आणि दात गेलेल्या घोड्यापुढे टाकायला गवताची काडी नव्हती. यंत्रवाला दिलदार निघाला. घोडा कसला, त्यात हत्ती निजला असता.

टॉफी क्लेमच्या लेकीचा, फर्नचा. त्याचा पाय धरूनच ती उभं राहायला शिकली होती. आता नऊ वर्षांच्या त्या पोरीला बाप सांगायचा, "रडायचं नाही. जनावर आहे." जसं काही माणूस असता तर रडू दिलं असतं.

रविवारी क्लेमने बंदूक गाडीत टाकली, टॉफीला मागे बांधलं आणि निघाला. फर्नने 'चल' म्हटल्याशिवाय टॉफी हलत नसे, हे सगळ्या रानाला ठाऊक होतं. बापाच्या धाकाने तिने ते म्हटलं आणि मागून चालू लागली. खड्डा समोर दिसला आणि घोड्याने पाय रोवले. क्लेमने शिवी हासडून गाडीला जोर दिला. जुनाट दोर तटकन तुटला. गाडी सुटली ती थेट खड्ड्यात.

धूळ बसल्यावर फर्नने वाकून पाहिलं. बापाचा घोटा मोडला होता; तोंड शाबूत होतं.

"बघतेस काय? घरून दोर आण. घोड्याला बांध."

तिने दोर आणला, घोड्याला बांधला, पण खाली सोडला नाही.

"आधी काडतुसं वर टाका."

"वर आलो की चामडी सोलीन."

"मग नका येऊ."

ऊन चढलं. माश्या जमल्या. अखेर काडतुसांचा डबा वर आला.

"खिशातलं पण, बाबा."

खिशातलंही आलं. मग ती टॉफीला म्हणाली, "चल." ज्याला गाडायचं, त्यानेच गाडणाऱ्याला वर काढलं.

गाडी तिथेच राहिली. पुढे थंडीत टॉफी आपला आपण मेला, तोही ऐन स्वयंपाकघराच्या दाराशी. तिथून त्याला हलवणार कशाने? क्लेम पहार घेऊन तिथेच लंगडत खणत राहिला. फर्न रडली, आणि त्याने रडू दिलं.

खड्डा खोल झाला. घोटा अजून चढू देईना. त्याने वर पाहिलं. फर्नने दोर कुंपणाच्या खांबाला बांधला आणि खाली सोडला. काही मागितलं नाही.

दोर धरण्याआधी बापाने आपणहून दोन्ही खिसे उलटे करून दाखवले.