एका वेळी एकीलाच सुट्टी

ऊन फार म्हणून भिलाईतल्या शाळांना लवकर सुट्ट्या लागल्या. सेक्टर दहामधल्या एका क्वार्टरमध्ये मात्र शाळा चालूच होती. तिथे विद्यार्थिनी एक, पायल, आणि मास्तर एक, तिचे बाबा पुंडलिक. नववीत वर्गशिक्षिकेशी भांडून पायलने शाळा सोडली होती आणि आता ती घरूनच ओपन स्कूलच्या दहावीला बसणार होती. पुंडलिक प्लांटमधून ड्यूटी करून आले, की चहाच्या आधी गणित.

"मले एक महिना सुट्टी पायजे," पायल म्हणाली. "तुमसरले मावशीकडे जातो."

"सुट्टी शाळेतल्या पोराईले असते. तू तं शाळा सोडली ना?"

"शाळा सोडली. सुट्टी नाई सोडली."

पुंडलिकांनी पुस्तक मिटलं. पंचवीस वर्षं रोलिंग मिलमध्ये काढलेल्या माणसाला तोंडी काही ऐकूच येत नाही. "अर्ज दे. कारण लिहून."

पायलने वहीचं मधलं पान टर्रकन फाडलं. 'कारण: भट्टीलाही शटडाऊन देतात. मी तर माणूस आहे.' खाली सही ठोकली.

पुंडलिकांनी अर्ज दोनदा वाचला. कारण पटलं होतं, म्हणूनच त्यांना राग आला. "असं डायरेक्ट नाई होत. पहिले पाहा लागते, अजून कोणी सुट्टी मागून राहिलं का. दोघं एका टायमाले गेले तं सेक्शन कोण चालवन?"

"घरात कोण मागून राहिलं अजून?"

स्वयंपाकघरात लाटणं थांबलं. पायलची आई, नूतन, पिठाचे हात घेऊन दारात आली.

"मलेबी द्या एक कागद."

"अवं, तू कुठं नोकरीत हायेस?"

"लग्नाले एकोणीस वर्षं झाली. एक दिवस रजा नाई. पायल झाली तवा दवाखान्यात चार दिवस होतो, ते सिक लीव्हमंदी धरा."

आता अर्ज दोन आणि सुट्टी एक. अशा वेळी प्लांटमध्ये सीनियर माणसाचा नंबर आधी लागतो. आपल्याआधी जूनियरला सुट्टी दिली म्हणून पुंडलिक एकदा साहेबाशी तीन महिने बोलले नव्हते, आणि ती गोष्ट ते घरी दर पाहुण्याला सांगत. आता पलटणार कसे? नूतनच्या अर्जावर त्यांनी 'मंजूर' लिहिलं. पायलच्या अर्जावर 'विचाराधीन'.

पायल भडकली. "भांडलो मी, अर्ज आणला मी, अन सुट्टी हिले?"

"आई आल्यावर तुया नंबर."

"तवा तं सुट्ट्याच संपतीन."

"मंग सुट्टीचा प्रश्नच नाई. काढ गणित."

पायलने गणित काढलं, पण तोंड उघडलं नाही. बाबांनी काही विचारलं की कागद पुढे सरकवायची, लेखी विचारा म्हणून. दोन दिवसांत पुंडलिकांनी अर्धी वही भरली आणि पायलचं एकही गणित झालं नाही.

रविवारी ती आईला स्कूटीवर घेऊन दुर्ग स्टेशनला गेली. बॅग एवढी जड, की स्कूटी ब्रेकरवर कण्हत होती. तिकीट खिडकीवर पायल फणकाऱ्याने म्हणाली, "तुमसर रोड, एक."

"दोन," मागून नूतन म्हणाली.

पायल वळली. "बाबा?"

"त्याईले गाडी सुटल्यावर सांगतो. पहिले सांगितलं तं लय विचार करतात. स्कूटी स्टँडवर राहू दे, ते नेतीन."

गाडी सुटली. पायलने खिडकीची जागा पकडली आणि खुशीत बॅग उघडली. वर तिचे तीन ड्रेस. खाली गणित, विज्ञान, कंपास आणि कोरी वही.

"हे काय व, आई?"

"सकाळी एक घंटा. ऊन व्हायच्या आंधी."

"तूबी बाबासारखीच?"

"मी दहावीच्या पेपराले बसलो नाई, लग्न जमलं होतं. तुया पेपर मी सुटू देत नाई."

"मी राजनांदगावले उतरतो."

"उतर."

राजनांदगाव आलं. पायल खरोखर उतरली. नूतनने खिडकीतून बघितलंसुद्धा नाही, फक्त पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. गाडी हलली, आणि पायल कागदात चार समोसे घेऊन आत आली. बसली नाही.

"अर्धा घंटा."

"पाऊण."

"रविवारी नाई."

"रविवारी मी झोपणार हाओ. बस आता, तेल गळून राहिलं."

ती बसली. तेवढ्यात फोन वाजला. पुंडलिक होते.

"स्टेशनवरून यायले एवढा टाइम? गणिताचा टाइम झाला. मी कवाचा पुस्तक उघडून बसलो."

पायलने आईकडे पाहिलं. आई समोसा खात होती.

"पुस्तक मिटा, बाबा," पायल म्हणाली. "तुमाले एक महिना सुट्टी."