डबी शोधायला टोपली

मेहुण्याला हरवायला डोकं लागतं आणि ते आपल्याकडे भरपूर आहे, असं मी रविवारी भर जेवणाच्या टेबलावर जाहीर केलं. बायको, म्हणजे नुन्झिया, खोकली. मी दुर्लक्ष केलं.

आमच्या गावाबाहेरून दोन हजार वर्षांपूर्वीचा रोमन दगडी रस्ता जातो. त्याच्या कडेला कुणीतरी डबी लपवतं आणि जागेचे अक्षांश-रेखांश फोनवर टाकतं. आपण ती शोधायची, आतल्या कागदावर नाव लिहायचं, डबी परत ठेवायची. याला म्हणतात जिओकॅशिंग. आजवर प्रत्येक डबीत पहिलं नाव माझ्या मेहुण्याचं, गास्पारेचं! म्हणून यंदा पैज लावली. नव्या डबीत ज्याचं नाव पहिलं, ईस्टरच्या सोमवारी कोकरू भाजायला शेगडीचा चिमटा त्याच्या हातात. गेली कित्येक वर्षं चिमटा गास्पारेकडे आहे आणि आम्ही मुकाट्यानं करपलेलं कोकरू खातो आहोत.

या खेळात शोधताना कुणाला संशय येऊ द्यायचा नसतो. मी वेषांतर केलं. हातात टोपली आणि सुरी घेतली. बघणाऱ्याला वाटावं, निघाला भाजीसाठी रानशतावरीचे कोवळे कोंब तोडायला.

इथेच माझं डोकं जरा जास्त चाललं. आमच्या गावात माणूस बँकेतली शिल्लक सांगेल, पण शतावरीची जागा सांगणार नाही. त्यामुळे टोपलीवाला दिसला की गाव त्याच्या मागे निघतं. मैलाच्या दगडाशी पोहोचून मागे पाहिलं, तर निम्मं गाव फुलं बघत उभं होतं. सगळ्यात पुढे एर्सिलिया मावशी.

"काय रे एर्मेते, इथे आहे वाटतं?"

"इथे काहीच नाही हो, मावशी."

"काही नाही म्हणतोय," मावशी मागे वळून म्हणाल्या. "म्हणजे भरपूर आहे."

झालं! गाव काटेरी झुडपांत घुसलं. मी एकटा असतो तर आठवडा लागला असता, पण या मंडळींनी बघता बघता रस्त्याची कड साफ केली. आणि डबी निघाली ती मावशींच्या हातात.

"मावशी, ती माझी आहे."

"तुझी? मग आधी जागा सांग, बाळा."

आमची शतावरीची एक जागा आहे. बाबांनी शेवटच्या आजारपणात मला सांगितलेली. आईलाही ठाऊक नव्हती. मला बाबा आठवले. मग गास्पारेच्या हातातला चिमटा आठवला. मी मावशींच्या कानात कुजबुजलो.

"मोठ्यानं बोल. या कानानं ऐकू येत नाही मला."

"चुन्याच्या जुन्या भट्टीमागे!"

मावशींनी डबी माझ्या हातात कोंबली आणि क्षणात रस्ता ओस पडला. मी डबी उघडली. कागद कोरा होता! वर ठसठशीत अक्षरांत 'एर्मेते' लिहिलं. तेवढ्यात वळणावर सायकलवरून गास्पारे आला. त्याने माझ्या हातातला कागद पाहिला, दूरवर पळणारं गाव पाहिलं, आणि झटकन सायकल वळवली. तोंड लपवून पळाला बिचारा! मी दगडावर बसून एकटाच हसलो. इतका आनंद मला लग्नातही झाला नव्हता.

सोमवारी चिमटा माझ्या हातात होता. कोकरू असं भाजलं की सासूबाईंनी दुसऱ्यांदा मागून घेतलं. मग गास्पारेनं माझ्यासमोर परात ठेवली. आत शतावरीचं भलंमोठं आम्लेट होतं.

"दाजी, डबीत तुम्ही पहिले. मान्य," तो म्हणाला. "भट्टीमागे मी पहिला. सायकल होती ना."

नुन्झियानं काटा खाली ठेवला.

"म्हणजे बाबांची जागा तीस वर्षांत मला नाही सांगितलीस, आणि एर्सिलिया मावशींना ओरडून सांगितलीस?"

मी चिमटा घेऊन शेगडीकडे गेलो. कोकरू केव्हाच संपलं होतं, पण तिथे जरा काम होतं. आम्लेट मात्र उत्तम झालं होतं. बाबांच्या जागेची चवच वेगळी.